गळ टाकण्यापूर्वी

मागील अंकी या सदरात मुलांना पोहावयास केव्हा व कोठे शिकवावे, याविषयी आम्ही चार शब्द लिहिले होते. त्यावर जी पत्रे आली त्यांत एक पत्र येथील कोल्हापुरातीलच एका मोठ्या एकत्र कुटुंबाच्या कर्त्या गृहस्थांचे आहे. ते लिहितात, ‘आमचे चिरंजीव पंचगंगेच्या घाटावर उत्तम पोहावयास शिकले. मित्रांच्या संगतीने नदीकाठी गळ टाकून बसण्याचा नादही त्यांस लागला. आता नाताळच्या सुटीत कोकणात उतरून समुद्रकाठच्या खडकांवरून मासे धरावयाचे, असा त्यांनी बेत मांडला आहे. घरातील वडील मंडळी साफ नाही म्हणतात, आणि चिरंजीव रुसून जेवत नाहीत. या प्रकरणी आपला सल्ला काय?’

सल्ला देण्याचा अधिकार आम्हांस आहे, परंतु तो शहाणपणामुळे आलेला नाही. गेल्या मार्गशीर्षात आम्ही स्वतः आमच्या वडीलबंधूंच्या मुलास घेऊन देवगडकडे याच कामासाठी गेलो होतो. त्या दिवशी जे घडले ते घरी पूर्णपणे कोणी कोणास सांगितलेले नाही. ते येथे छापून निघाल्यावर वहिनी काय म्हणतील हा प्रश्न आहेच. असो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही कोल्हापूरकर नदीची माणसे आहोत. पाण्याचे भय कशाला म्हणतात हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांस इशारा व ४३ फुटांस धोका, हे आकडे येथील शाळकरी मुलांसही तोंडपाठ असतात. २०१९ व २०२१ च्या महापुरांत ज्यांच्या माजघरात पाणी आले त्यांस तर ते अधिकच पाठ आहेत. परंतु नदीच्या या ज्ञानामुळेच समुद्रावर आपली फसगत होते. नदी एका दिशेने वाहते. ती चढते तेव्हा दोन दिवस आधी वरच्या धरणांची बातमी येते, पातळी तासातासाने जाहीर होते, आणि पाणी येते ते समोरून येते. समुद्रास रोज दोनदा पूर येतो व दोनदा तो ओसरतो, आणि त्याची दवंडी कोणी पिटत नाही. खडकाळ किनाऱ्यावर तर तो आपल्या पाठीमागून येतो.

हे पाठीमागून येणे म्हणजे काय, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. ओहोटीस जे कातळ उघडे पडतात ते जमिनीकडून समुद्राकडे एकसारखे उतरत गेलेले नसतात. बाहेरचा कातळ पुष्कळदा आतल्यापेक्षा उंच असतो, आणि त्याच्या व वाळूच्या मध्ये चर, घळी व डबकी असतात. जाताना त्या चरात घोट्याइतके पाणी असते. मुले ते हसतखेळत ओलांडतात. पुढे भरती लागली की पाणी आधी या खोलगट चरात शिरते. बाहेरच्या उंच कातळावर उभ्या असलेल्या माणसाचे पाय कोरडेच असतात, त्याची दृष्टी समोर दोऱ्यावर खिळलेली असते, आणि परतीची वाट मागच्या मागे बंद होत जाते.

यावर उपाय घड्याळाचा, आणि त्याहूनही पंचांगाचा आहे. आमच्या मातोश्रींचे माहेर रत्नागिरीकडचे. आम्ही बेत सांगताच त्यांनी हो किंवा नाही न म्हणता, ‘त्या दिवशी तिथी कोणती?’ एवढेच विचारले. आम्ही वद्य सप्तमी सांगितली. त्यांनी बोटांवर काही मोजले आणि अट घातली की, दुपारी साडेबारास सर्वांनी वाळूवर जेवावयास बसले पाहिजे. आम्हांस वाटले, हा नेहमीचा वेळेवर जेवण्याचा आग्रह.

कोकणात चालत आलेला हिशेब असा आहे. पक्ष शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास, रात्री एकदा व दिवसा एकदा, भरती पूर्ण होते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता. पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकराच्या पुढेमागे. भरतीपासून सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, आणि हे सारे वेळापत्रक रोज पाऊण तासाहून किंचित अधिक पुढे सरकते, कारण चंद्रही तितकाच उशिरा उगवतो. सप्तमीस सातची पाऊणपट सव्वापाच. तेव्हा पहाटे सव्वापाचास भरती, साडेअकरास पूर्ण ओहोटी. मातोश्रींनी ओहोटीवर एक तास सूट दिली होती. जेवणाशी तिचा संबंध नव्हता.

हा हिशेब अदमासाचा आहे, तंतोतंत नाही. ठिकाणाप्रमाणे अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरनिहाय कोष्टके प्रसिद्ध करतो, आणि आता तर ती मोबाइलवरही पाहता येतात. परंतु खिशातील यंत्राची बॅटरी संपते. बोटे संपत नाहीत. दोन्ही हिशेब करावे, आणि त्यांत तफावत पडल्यास जो आधी परतावयास सांगेल तो खरा मानावा.

तिथीवरून आणखी एक गोष्ट कळते. पौर्णिमा व अमावास्येनंतरच्या एकदोन दिवसांत उधाण येते, म्हणजे पाणी फार उतरते व फार चढते. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे चढउतार थोडा असतो. मुंबईकडे उधाणात हा फरक चार मीटरांवर जातो. देवगड-मालवणकडे तो दोन मीटरांच्या आसपास असतो, आणि भांगास त्याहून पुष्कळच कमी. नवशिक्याने भांगाचा दिवस धरावा. उधाणाच्या ओहोटीस कातळ दूरवर उघडे पडतात, आणि नेमके त्यामुळेच मनुष्य दूरवर जातो. शिवाय पाणी सहा तास एका गतीने चढत नाही. एकूण चढावाचे बारा भाग कल्पिले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्यात तीन-तीन, पुढे पुन्हा दोन व एक. पहिल्या तासाचा संथपणा पाहून जो निश्चिंत होतो त्यास तिसरा तास गाठतो.

आता आमची हकीकत. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट या वाटेने आम्ही आदल्या सायंकाळी देवगड तालुक्यातील एका गावी मुक्कामास पोहोचलो. मातोश्री व वहिनी बरोबर होत्या. गावातील गाबीत समाजाचे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांस सारा गाव आबा म्हणतो, ते आमच्याबरोबर यावयास तयार झाले. सकाळी नवाच्या सुमारास कातळाजवळ गेलो. आमच्या पुतण्याने काठी जोडावयास घेतली, तोच आबांनी ती खाली ठेवावयास लावली आणि आम्हां दोघांस कोरड्या जागी अर्धा तास नुसते बसवून ठेवले. पुतण्याची चुळबुळ पाहून ते म्हणाले, ‘झिला, पयली परतीची वाट बघ, मगे गरी टाक.’ कोकणात गळास गरी म्हणतात, आणि गळाने मासे धरण्यास गरवणे.

त्या अर्ध्या तासात आम्ही जे पाहिले ते पुस्तकात सापडले नसते. लाटा सारख्या नसतात. दहापंधरा लहान लाटा येतात, मग दोनतीन मोठ्या एकापाठोपाठ येतात आणि आतापर्यंत कोरड्या असलेल्या खडकावर चढतात. पाच मिनिटे पाहून जागा ठरविणारा मनुष्य लहान लाटांवरूनच सारे ठरवितो. आबांनी खडकाचे रंग दाखविले. काळा ओला भाग लाटेचा, हिरवा शेवाळलेला भाग कोणाच्याच उपयोगाचा नाही, आणि कालवांनी भरलेला भाग पायांस कापणारा. उभे राहावयाचे ते वरच्या कोरड्या, खरबरीत कातळावर. दुसरे त्यांनी सांगितले ते असे की, ‘दर्याक पाठ दाखवूची नाय.’ आमिष लावताना, पिशवीतून काही काढताना, छायाचित्र घेताना तोंड समुद्राकडेच असले पाहिजे. २०२३ च्या जुलैत वांद्र्याच्या बँडस्टँडवर खडकावर बसलेल्या एका स्त्रीस लाटेने कुटुंबीयांच्या डोळ्यांदेखत ओढून नेले, हे अनेकांच्या स्मरणात असेल. ती मासे धरावयास गेली नव्हती; खडकाने तो भेद पाळला नाही.

नऊ वाजून गेल्यावर आम्ही गळ टाकले. दोन तासांत तीन शिसे कपारींत अडकून तुटली, तंगुसाचा एक मोठा गुंता झाला, आणि सुंगटांचे आमिष लहान मासे फुकट खाऊन गेले. आबा बाराच्या सुमारास आपल्या कामास वर निघाले. जाताना ‘साडेबाराक उठा’ असे दोनदा बजावले. त्यानंतर दहापंधरा मिनिटांतच काठी वाकली आणि वीतभराहून मोठा, तपकिरी ठिपक्यांचा एक गोब्रा वर आला.

येथेच सारी मेख आहे. भरती लागली की तिच्याबरोबर मासा कपारींत चरावयास येतो. ओहोटीत निवांत बसलेल्या माणसास काही मिळत नाही, आणि त्याने उठावयाची वेळ झाली की गळास ओढ लागते. मासा येण्याची व माणसाने जाण्याची वेळ एकच आहे. साडेबारा वाजले तेव्हा पुतण्या म्हणाला, ‘काका, आणखी एकच.’ त्याचे वय एकोणीस, त्याने तसे म्हणणे स्वाभाविक होते. आमचे वय साठीस आलेले, आणि आम्ही ‘बरे’ म्हटले. पुढे एक वाजला, तेव्हा आम्ही स्वतःच आमिष लावीत होतो.

पावणेदोनच्या सुमारास सहज मागे पाहिले. वाळूवर वहिनी पदर हालवीत उभ्या होत्या. त्या किती वेळ हाका मारीत होत्या कोण जाणे. लाटांच्या आवाजात आम्हांस काही ऐकू आले नव्हते. मधल्या चरात सकाळी घोटा भिजला होता, तेथे आता पाणी गुडघ्याच्या वर होते, आणि प्रत्येक लाटेगणिक ते मांडीपर्यंत उसळून पुन्हा बाहेर ओढ घेत होते. गुडघाभर पाणी ऐकावयास काहीच नाही. पंचगंगेत पोहणाऱ्या मुलास त्याचे काय? परंतु पाण्याखाली शेवाळलेले गोल दगड, हातात काठी, खांद्यावर पिशवी, आणि पायाखालून दोन्ही दिशांनी ओढणारे पाणी. चराच्या मध्यावर पुतण्याचा पाय सरकला आणि तो छातीपर्यंत पाण्यात गेला. काठी वाहून गेली. पोहता येते हे त्या क्षणी त्याच्या काही उपयोगी पडले नाही, कारण पोहण्याइतके पाणी नव्हते आणि उभे राहण्याइतका आधार नव्हता. आबा दोर घेऊन परत आले होते. त्यांनी तो वाळूवरूनच फेकला. त्याच्या आधाराने प्रथम तो व मागून आम्ही बाहेर आलो. त्याच्या पोटरीस कालवांनी दोन लांब चिरा पाडल्या होत्या. मातोश्री काही बोलल्या नाहीत. भात निवला आहे, एवढेच म्हणून त्यांनी पाने वाढली.

तो भांगाचा दिवस होता म्हणून गुडघ्यावर निभावले. उधाणाच्या दिवशी पाणी याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने चढते.

आता पत्रलेखक गृहस्थांच्या चिरंजिवांनी काय करावे, ते सांगतो. पावसाळ्यात व त्याच्या आगेमागे खडकांवर जाऊच नये. दिवाळीनंतर माघापर्यंत समुद्र सामान्यतः शांत असतो. तरीही निघण्यापूर्वी हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राची सूचना पाहावी, कारण हजारो मैलांवरील वादळाने उठविलेल्या लाटा येथे निरभ्र आकाशाखालीही येऊन पोहोचतात. एकट्याने कधीही जाऊ नये. गावातील जाणता मनुष्य बरोबर घ्यावा, त्याच्या वेळेचे योग्य द्रव्य द्यावे, आणि तो उठा म्हणाला की उठावे. ओहोटी होत असताना उतरावे. पूर्ण ओहोटीनंतर तासाभराने वाळूवर असावे. ही वेळ घरून निघतानाच ठरवावी आणि वाळूवर बसणाऱ्या माणसाच्या हाती सोपवावी. ज्याच्या हातात काठी आहे त्याच्या हाती घड्याळाचा निर्णय ठेवू नये, हे आम्ही स्वानुभवाने लिहीत आहो. त्या माणसाजवळ शिटीही असावी. हाक लाटांत विरते.

पायांत चपला किंवा गुळगुळीत तळाचे बूट नकोत. खरबरीत तळाचे, नाडीने घट्ट बांधलेले कापडी बूट चालतील. अंगात जीवरक्षक जाकीट असावे. आमच्या मित्रमंडळींस हे हास्यास्पद वाटते. परंतु ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांताने खडकांवरून गळ टाकणारे इतके बुडाले की २०१६ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा करून ठरावीक किनाऱ्यांवर जाकीट सक्तीचे केले. तेथील अनेक खडकांवर तरंगती कडी खांबास अडकवून ठेवलेली असतात. आपल्याकडे ती नसतात, म्हणून दोर व झाकण घट्ट लावलेला एक रिकामा प्लास्टिकचा कॅन आपणच न्यावा. कोणी पाण्यात पडलाच तर त्याच्यामागे उडी टाकू नये. दोर किंवा कॅन फेकावा. पडलेल्याने आपटणाऱ्या लाटेत खडकास कवटाळण्याचा यत्न न करता खडकापासून दूर सरकून तरंगत राहावे. मदतीसाठी ११२ हा क्रमांक, व तटरक्षक दलाचा १५५४, आधीच पाठ करून ठेवावा.

वाळूचा किनारा तरी निर्धोक, असेही समजू नये. २०१७ च्या एप्रिलात बेळगावहून मालवणास सहलीला आलेल्या महाविद्यालयीन मंडळींपैकी आठ जण वायरीच्या किनाऱ्यावर बुडाले. बेळगाव काय आणि कोल्हापूर काय, आपण सारे घाटावरचेच.

माशांपैकी काहींस हात लावताना जपावे. शिंगाळ्याच्या काट्यास व पाकटाच्या शेपटीस विष असते. टोचल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरावा आणि डॉक्टरांकडे जावे. केंड हा फुगणारा मासा विषारी, तो खावयाचा नाही. ज्याची ओळख पटत नाही तो मासा पाण्यात परत सोडावा.

पत्रात स्पष्ट लिहिलेला नसला तरी एक प्रश्न ओळींमधून डोकावतो, तो म्हणजे आपल्यासारख्यांच्या घरात हा छंद शोभतो काय? सारस्वत वाचकांस या प्रश्नाचे नवल वाटेल. इतरांसाठी एवढेच सांगतो की, बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य तिसऱ्या सोमेश्वराने, म्हणजे आपल्या कोल्हापूरचे शिलाहार ज्यांचे मांडलिक होते त्या घराण्याच्या राजाने, ‘मानसोल्लास’ नामक संस्कृत ग्रंथ रचला, आणि त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदास स्थान देऊन काठी, दोरा, गळ व आमिष यांची सविस्तर माहिती दिली आहे. इंग्रज लोक आयझॅक वॉल्टनच्या १६५३ सालच्या ग्रंथाचा अभिमान बाळगतात. आपला त्याहून पाचशे वर्षांनी जुना आहे. अर्थात राजाने केले म्हणून आपण करावे असे नाही. जीव घेण्याचा ज्यास मनापासून संकोच आहे त्याने गळ टाकू नये, हे सरळ आहे. आमच्या स्वयंपाकघरात मासा येत नाही. तो गोब्रा आबांच्या घरी गेला. पुतण्याही त्या रात्री आबांकडेच जेवला, आणि हे मातोश्रींस ठाऊक आहे असा आमचा तर्क आहे.

तेव्हा पत्रलेखक महाशयांस आमची विनंती अशी की, साफ नकार देऊ नये. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा नकार ऐकून घरी बसत नाही. तो मित्रांबरोबर न सांगता जातो, आणि मग वाळूवर पदर हालविणारे कोणी नसते. घरातील एका वडील माणसाने बरोबर जावे, पण त्या माणसाने स्वतः काठी हातात घेऊ नये. चिरंजिवांस प्रथम जेवावयास बसवावे, नंतर त्यांच्यापुढे पंचांग ठेवून भरतीची वेळ त्यांच्याकडूनच काढून घ्यावी. नाताळ पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या जवळ येत असेल तर बेत अष्टमीपर्यंत पुढे न्यावा, आणि कोणती तिथी ठरली ते आम्हांस एका कार्डाने कळवावे.